अंगावर काढणे

दरवर्षी प्रथम वर्षाच्या वर्गाला मी वाक्प्रचारांची एक लहानशी चाचणी देते. अर्थ सांगा व वाक्यात उपयोग करा, हा शाळेपासूनचा जुनाच प्रकार. त्यात 'अंगावर काढणे' हा वाक्प्रचार मी मुद्दाम घालते. अर्थ बहुतेक सारे बरोबर लिहितात : दुखणे उपचार न करता सोसणे. मौज असते ती वाक्यांत. 'आईने ताप अंगावर काढला.' 'आजीने गुडघेदुखी अंगावर काढली.' 'वहिनीने बाळंतपणातला अशक्तपणा अंगावर काढला.' इतक्या वर्षांत 'बाबांनी ताप अंगावर काढला' असे वाक्य एकाही उत्तरपत्रिकेत मला आढळलेले नाही. बाबांना कणकण आली की थर्मामीटर निघतो, पेज शिजते, मुलांना दंगा करू नका म्हणून दटावले जाते. व्याकरणाच्या दृष्टीने या क्रियापदाला कोणताही कर्ता चालावा. मराठी घरात मात्र तो ठरून गेलेला आहे.

दिवाळीच्या अंकात दुखण्याचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. आपली दिवाळी सुरू होते तीच मुळी अंगाला तेल लावून. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरची बाई सर्वांच्या आधी उठते, तेल कोमट करते, उटणे कालवते, मुलांना पाटावर बसवून खसाखसा चोळते. धाकट्याच्या पाठीवर पुरळ उठले आहे, थोरलीच्या खांद्याची हाडे वर आली आहेत, हे तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळते. पाडव्याला यजमानांनाही तेल लावून होते. सर्वांचे आटोपल्यावर ती आत शिरते आणि चार तांब्यांत आपले नहाणे उरकून बाहेर येते, कारण फराळाला माणसे यायची असतात. बंब गेले, गीझर आले, पण हा क्रम काही बदलला नाही. घरातल्या प्रत्येकाचे अंग त्या हातांना पाठ, आणि स्वतःचे तेवढे अनोळखी.

मला लिहायचे आहे ते या अनोळखीपणाविषयी, म्हणजे स्पष्टच सांगायचे तर स्तनांच्या कर्करोगाविषयी आणि स्वतःची तपासणी स्वतः करायला बायकांना कसे शिकवावे याविषयी. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचा अंदाज आहे, आणि त्याच वर्षी त्याने सुमारे ९८ हजार जणी दगावल्या. अमेरिकेत त्या वर्षी रोग झाला पावणेतीन लाखांच्या आसपास स्त्रियांना आणि मृत्यू झाले ४३ हजारांच्या घरात. रोग तिकडे जास्त, मरण इकडे जास्त. उपचारांच्या सोयी इकडे अपुऱ्या, हे एक कारण झालेच. दुसरे असे की, आपल्या बायका डॉक्टरांच्या दारात पोचतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणजे पुन्हा तोच वाक्प्रचार.

मागच्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर शनिशिंगणापुरात होते. नगरहून संभाजीनगरकडे निघाले की घोडेगाव लागते, तेथून आत वळायचे. दोहो बाजूंना ऊस, मध्ये कांद्याची रोपे. गाव नेवासे तालुक्यातले, ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली त्या नेवाशाच्या तालुक्यातले, याचा मराठीच्या शिक्षिकेला थोडा जास्तच अभिमान वाटतो. पण शिंगणापूरची कीर्ती वेगळी आहे. उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली शनिदेवाची काळी शिळा, तिच्यावर धरलेली तेलाची धार, आणि घरांना दारे नसणे. चौकट आहे, दाराच्या जागी पडदा आहे, फार तर कुत्रे आत शिरू नये म्हणून आडवी लावलेली फळी. २०११ साली युको बँकेने येथे शाखा काढली तीसुद्धा कुलपाशिवाय.

शिबिरात एका दुपारी बायकांसाठी आरोग्याचा कार्यक्रम ठेवला होता. उपकेंद्राच्या आरोग्यसेविका यायच्या होत्या. शाळेच्या एका खोलीत सतरंजी अंथरली, पुरुष मंडळींना बाहेर काढले, आणि पाहतो तो खोलीत जमलेल्या तीस-पस्तीस बायकांत दाराशी उठून गेलेल्या एक आजीबाई दोन्ही फळ्या ओढून घेऊन कडी लावीत होत्या. उभा जन्म बिनदाराच्या घरात काढलेली ती बाई! मी हसले, तशा त्याही हसल्या. "बाई, घराला दार नसलं म्हणून काय झालं?" एवढेच बोलून त्या येऊन बसल्या.

आरोग्यसेविका पन्नाशीच्या, अनुभवी होत्या. त्यांनी तक्ता लावला नाही की भाषण केले नाही. पिशवीतून एक डबा काढला. त्यात मळलेल्या कणकेचे गोळे होते, तेल लावून मऊ केलेले. एकेक गोळा त्यांनी बायकांत फिरवायला दिला आणि म्हणाल्या, "आत काही लागतंय का ते सांगा. दाबून कुस्करायचं नाही." दोन-तीन मिनिटांत कुणी म्हणाली, "हरभरा हाय." दुसरी म्हणाली, "माझ्यात चिंचोका." तिसऱ्या गोळ्यात काहीच नव्हते, तर ती म्हणाली, "माझ्यात काय नाय, उगा फसवू नका." एकीचीही चूक झाली नाही. होणार तरी कशी? तांदळातला खडा, मेथीतली काडी, पदराच्या गाठीला बांधलेले नाणे किती रुपयांचे, हे यांची बोटे न पाहता सांगतात. कणकेतला चिंचोका ज्यांना लागला त्यांना आणखी वेगळे काय शिकवायचे होते? फक्त ती बोटे न्यायची कोठे, एवढेच.

ते त्यांनी मग सांगितले. मीही येथे सांगते, कारण पुष्कळ शिकलेल्या घरांतूनही हे कुणी कुणाला सांगत नाही. पाळी सुरू झाल्यापासून सातवा ते दहावा दिवस यांतला एखादा दिवस यासाठी बरा. पाळीच्या आधी स्तन जड व दुखरे असतात, तेव्हा हात लावला तर सगळेच गाठाळ लागते आणि उगाच धास्ती वाटते. पाळी गेलेल्या बाईने महिन्यातली कोणतीही एक तारीख धरावी. प्रथम आरशासमोर उभे राहून नुसते पाहायचे, हात खाली सोडून, मग कमरेवर दाबून, मग डोक्यावर उचलून. दोन्ही बाजू अगदी सारख्या नसतात, आणि तशा नसल्या तर घाबरायचे कारण नाही. आजवर नव्हता असा काही फरक दिसतो का, एवढेच पाहायचे. कातडीला कोठे खळी पडली आहे का, ती संत्र्याच्या सालीसारखी जाड व छिद्राळ झाली आहे का, बोंड नव्यानेच आत ओढले गेले आहे का, त्यावर खवले धरले आहेत का, त्यातून आपोआप रक्तासारखे काही येते का. मग उताणे निजून उजव्या बाजूला डावा हात आणि डाव्या बाजूला उजवा. बोटांची टोके वापरायची नाहीत, मधल्या तीन बोटांची पेरे सपाट ठेवायची, आणि लहान लहान वर्तुळे काढीत वरून खाली, खालून वर, शेत नांगरावे तसे तासातासाने जायचे. आधी हलका हात, मग थोडा दाब, मग बरगडी लागेपर्यंत. वर गळपट्टीच्या हाडापर्यंत, मध्ये छातीच्या हाडापर्यंत, आणि काखेत. काख बहुतेकींची राहून जाते. नहाताना साबणाच्या हाताने केले तरी चालते, बोट चांगले सरकते.

"आणि दुखत नसलं तर?" एकीने विचारले.

बाई क्षणभर थांबल्या. "दुखत नसलं तर लवकर या," त्या म्हणाल्या. "दुखणारी गाठ बहुतेक साधी असते. ही लबाड गाठ सुरुवातीला दुखत नाही."

आपण सोशिकपणाचे एवढे कौतुक करतो, तो सोशिकपणासुद्धा येथे निरुपयोगी ठरतो. सोसायला काही असेल तर बाई सोसणार ना! ज्याची कळ नाही, ज्याने काम अडत नाही, त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चे तिकीट काढून तालुक्याला कोण जाईल? म्हणून या रोगाच्या बाबतीत 'दुखेल तेव्हा पाहू' हा आपला नेहमीचा हिशेब उलटा पडतो.

येथवर वाचून एखादी चिकित्सक वाचक म्हणेल की, या आत्मपरीक्षणाचा खरोखर काही उपयोग होतो, असे कुणी पडताळून पाहिले आहे काय? पाहिले आहे, आणि उत्तर ऐकून माझेही तोंड थोडे उतरले होते. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतील २ लाख ६६ हजार स्त्रियांवर हा प्रयोग झाला. निम्म्या जणींना १९८९ ते १९९१ या काळात स्वतःची तपासणी पद्धतशीर शिकविली, पुन्हा पुन्हा करून घेतली. निम्म्यांना शिकविली नाही. दहा वर्षांनी, म्हणजे २००२ साली, हिशेब प्रसिद्ध झाला. शिकविलेल्यांत या रोगाने १३५ मृत्यू, न शिकविलेल्यांत १३१. शिकलेल्या स्त्रियांना साध्या, निरुपद्रवी गाठी मात्र पुष्कळ अधिक सापडल्या, आणि त्यांपायी सुया टोचून घेणे व काळजी करणे तेवढे वाढले.

तर मग कणकेचे गोळे फेकून द्यावेत काय? मला तसे वाटत नाही. मात्र बायकांना आपण काय शिकवीत आहोत, याबद्दल प्रामाणिक असले पाहिजे. महिन्याच्या महिन्याला हे व्रत केले की रोग टळेल, असे सांगणे खोटे आहे. एखाद्या महिन्यात राहून गेले म्हणून मनाला लावून घेण्याचे कारण नाही. आपले अंग नेहमी कसे असते हे माहीत असावे, म्हणजे बदलले तर कळेल, आणि कळले की ते बोलून दाखवावे व जाणत्या हाताला दाखवावे. शिकवायचे ते एवढेच.

जाणत्या हाताचे मोल काय, हे आपल्या मुंबईतच सिद्ध झाले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांतील दीड लाखावर स्त्रियांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांची तपासणी दर दोन वर्षांनी एक शिकविलेली आरोग्यसेविका हाताने करी. ही सेविका डॉक्टर नव्हती. दहावीपर्यंत शिकलेली साधी बाई होती. यंत्र नाही, क्ष-किरण नाही, नुसती बोटे. वीस वर्षे हे काम चालले आणि २०२१ साली डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या गटात रोग हाताबाहेर गेलेल्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण कमी झाले आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांतील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण दहावी झालेल्या बाईच्या बोटांनी जे साधले ते काही थोडे नाही.

आता सरकारी नियमानेच तीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी आरोग्य केंद्रात व्हावयाची आहे. आशाताई घरी येऊन जो अर्ज भरून घेते, त्यातही स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्ताळ स्राव येतो का, आकार बदलला आहे का, असे प्रश्न छापलेले आहेत. छापलेला प्रश्न विचारला मात्र कसा जातो, ते पाहण्यासारखे असते. ओसरीवर सासरे बसलेले, पोरे भोवती. आशाताई खालमानेने म्हणते, "बाकी काही त्रास नाही ना?" सूनबाई म्हणते, "नाही." अर्जावर तीन ठिकाणी 'नाही'ची खूण होते.

यात आमच्या मराठीचाही थोडा दोष आहे, हे तिची पगारी सेविका म्हणून मला कबूल केले पाहिजे. 'स्तन' हा शब्द पुस्तकात आहे, काव्यात आहे, बोलण्यात नाही. गावाकडचा 'थान' शब्द शहरात गेलेल्या मुलींना ओंगळ वाटतो. मग उरते ते 'छाती', जी पुरुषांनाही असते आणि जिच्यात कळ आली की सगळे हृदयविकाराकडे पाहतात. मूल तर आपण 'अंगावर' पाजतो. अंगावरचे दूध, अंगावरचे मूल. साऱ्या अंगाचे नाव पुढे करून आपण तो एक अवयव झाकला आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून शरीराबद्दल मराठीत सरळ लिहायला सुरुवात केली, तर त्यांना अश्लीलतेच्या आरोपाखाली कोर्टात खेचले गेले. त्यांच्या मासिकाला शंभर वर्षे होत आली, तरी डॉक्टरांपुढे बसलेली आमची पदवीधर मैत्रीण अजून "इथे" म्हणते आणि बोटाने दाखविते. तशी "इथे" म्हटले तरी काही बिघडत नाही म्हणा. म्हणावे मात्र.

म्हणूनच हे शिकवावे कुणी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर आमच्या जिल्ह्यात फार पूर्वी मिळाले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. त्यांनी गावोगावच्या साध्या, पुष्कळशा निरक्षर, कित्येक तर दलित वस्तीतल्या बायकांना आरोग्याचे काम शिकविले, आणि मोठमोठ्या डॉक्टरांचे जेथे चालेना तेथे या बायकांचे शब्द मानले गेले. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पांढऱ्या कोटातल्या माणसाने "कपडे काढा" म्हटले की बाई आक्रसते. शेजारणीने "अगं, मी बघते रोज नहाताना, तूही बघ" म्हटले की ऐकते. शहरातल्या भगिनींना जामखेड दूर वाटत असेल तर आपली भिशी आहे, हळदीकुंकू आहे. साडीचा पोत जेथे चार जणी हातात घेऊन पाहतात तेथे हाही विषय निघायला हरकत नाही.

त्या दुपारी कार्यक्रम संपला, कडी निघाली, बायका पांगल्या. सतरंजीची घडी घालायला एक चाळिशीची बाई मागे राहिली. घडी घालून झाली तरी ती तिचे काठ जुळवीत बसली. मग आरोग्यसेविकांकडे न पाहता म्हणाली, "ताई, माझ्या जावेला हाय तसं. वर्ष झालं असंल. दुखत नाय."

"कुठल्या बाजूला?"

तिचा हात नकळत स्वतःच्या डाव्या काखेकडे गेला आणि तेथूनच खाली आला.

आरोग्यसेविकांनी ते पाहिले, मीही पाहिले. त्या अगदी सहज म्हणाल्या, "बरं. जावेला उद्या सकाळी केंद्रात घेऊन या. एकटीला भीती वाटेल, म्हणून तुम्हीपण या. आलाच आहात तर तुमचंही बघून टाकू."

दुसऱ्या दिवशी ती आली. जाऊ आली नव्हती, आणि ती कुठे आहे असे कुणी विचारले नाही.

तिच्याबरोबर नगरला जाताना गाडीत तिने मनातले सारे बोलून टाकले. सुई टोचली की रोग अंगभर पसरतो म्हणतात, हे खरे का? (खरे नाही. सुईने तपासल्याखेरीज गाठ कसली आहे ते कळणेच शक्य नाही.) छाती कापून टाकतात ना? सुरुवातीला सापडला तर पुष्कळदा तेवढी गाठच काढून, मग किरणांचा उपचार करून भागते. इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेझी या शल्यवैद्याने हे ताडून पाहिले आणि २००२ साली वीस वर्षांचा अनुभव मांडला. पुरा स्तन काढलेल्या स्त्रिया आणि तो वाचविलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. वेरोनेझीचे नाव काही मी गाडीत घेतले नाही. पण मतितार्थ सांगितला. खर्चाचे काय? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, शिधापत्रिका जवळ ठेवा, असे आरोग्यसेविकांनी तिला आधीच सांगून ठेवले होते. आणि शेवटी, खूप वेळ बाहेरच्या उसाकडे पाहून झाल्यावर : "घरी काय सांगू?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते तिच्या नवऱ्याने दिले. संध्याकाळी तो स्वतःच मोटारसायकल घेऊन रुग्णालयाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता, हातात केळ्यांची पिशवी. "मला आधी का नाय सांगितलंस?" एवढेच तो म्हणाला, आणि तेही रागाने नव्हे.

तिची गाठ साधी निघाली. बहुतेक गाठी साध्याच असतात. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवून जा, असे डॉक्टरांनी सांगितले. निघाली नसती साधी, तरीही वर्षापेक्षा दीड वर्षाने कळणे अधिक वाईट झाले असते, हे तिला सांगावे लागले नाही.

पुरुष वाचकांपैकी ज्यांनी येथवर वाचले असेल त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली. हा रोग शंभरात एखाद्या वेळी पुरुषांनाही होतो. त्यांनीही छातीत गाठ लागली तर दाखवावी. ते दाखवतीलच म्हणा.

शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांनी चढायचे नाही, अशी जुनी चाल होती. त्यावरून २०१५-१६ साली मोठे वादळ झाले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, तो चौथरा स्त्रियांना खुला झाला. शिबिरातल्या आमच्या मुली मोठ्या हौसेने वर जाऊन आल्या. ज्या आजीबाईंनी कडी लावली त्या मात्र खालूनच नमस्कार करतात. सवय मोडत नाही म्हणतात.

या आजीबाईंनीच त्या दुपारी शेवटचा प्रश्न विचारला होता. पाळी जाऊन वीस वर्षे झालेल्या बाईने दिवस कोणता धरायचा? आरोग्यसेविका म्हणाल्या, महिन्याची एक तारीख धरा. तारीख कुणाच्या लक्षात राहते, अशी कुरकुर झाली. तिथी हवी. कुणी म्हणाली, अमावास्या. त्यावर साऱ्या खोलीने हाणून पाडले. अमावास्येला गावात यात्रेकरूंची ही झुंबड, त्यात शनिवार आला तर पाय ठेवायला जागा नसते. प्रसाद, नारळ, तेल विकायचे की अंग चाचपत बसायचे? थोडी चर्चा झाली. चतुर्थीला उपास सोडायची गडबड. पौर्णिमेला कुणाकडे सत्यनारायण. सरतेशेवटी शुद्ध एकादशी ठरली. त्या दिवशी भाकऱ्या थापायच्या नसतात, हाताला वेळ असतो. आरोग्यसेविकांनी आपल्या वहीत तसे लिहून घेतले.